आधी साबण म्हणायचं

अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की नुझा लहानपणापासून टाळाटाळ करायची. अन्नाबा या बंदराच्या शहरातल्या कॉलेजात चौघांनी मिळून प्रकल्प म्हणून साबणाचं ऑनलाइन दुकान काढायचं ठरवलं, आणि गिऱ्हाइकांना फोन करायचं काम नेमकं तिच्याच गळ्यात पडलं. ऑर्डर पक्की आहे का, हे फोनवर विचारल्याशिवाय इथे कुणी माल पाठवतच नाही. पैसे माल दारात पोचल्यावरच मिळतात ना!

"अगं, साबण विकायचाय, मुलगी मागायची नाहीये," गटातला लमीन खिदळला.

"मेल्या, मग तूच कर की!"

पहिली ऑर्डर आली. नुझाने नंबर लावला आणि कागदावरचं वाक्य कापऱ्या आवाजात कसंबसं वाचलं, "आपण झुलैखाबाईच ना? आपल्याशी जरा महत्त्वाचं बोलायचं होतं."

पलीकडे काहीतरी पडून फुटलं.

"माझ्या रियादबद्दल ना? होडी सापडली? आठ महिने झाले गं पोराला समुद्रात जाऊन. काय असेल ते सांगून टाक, पोरी."

"नाही हो मावशी. साबण... तुम्ही दोन साबण मागवले होते."

पलीकडे फुटलेले तुकडे गोळा केल्याचा आवाज आला.

"साबण होय," बाई म्हणाली. "पाठव हो."

त्या दिवशी नुझाने प्रकल्पाच्या आराखड्यात स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: फोन उचलल्याबरोबर आधी साबण म्हणायचं, नाव मागाहून विचारायचं.