आई समक्ष हजर

रोज सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी नाथा भोये आरशावरचे फवारणीच्या औषधाचे निळे शिंतोडे फडक्याने पुसायचा, खिशातून बोटभर कंगवा काढायचा आणि मिशी विंचरायचा. विंचरण्याजोगी मिशी डावीकडेच होती. उजवीकडे नुसती आशा होती. तरी तो दोन्ही बाजूंना सारखाच वेळ द्यायचा. दिंडोरीच्या त्या द्राक्षबागेत वेली बांधायला आलेल्या बाया ओरडायच्या, "नाथाभाऊ, उजवीकडं खत कमी पडलं वाटतं!"

"घातलंय," तो म्हणायचा. "जमीनच मुरमाड हाय."

सहा वर्षांपूर्वी याच बायांच्या ओळीत तो सविता म्हणून उभा असायचा. मग नाशिकला डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं. कलेक्टर कचेरीतून ओळखपत्र आलं, राजपत्रात नाव छापून आलं. नाव आजोबांचं घेतलं, कारण ते 'घरात रिकामंच पडलं होतं'. राजपत्राचं पान त्याने लॅमिनेट करून घेतलं, म्हणजे फवारणीत भिजलं तरी चिंता नको.

आरोही त्याच्या पोटची मुलगी. ती दोन वर्षांची असताना तिचा बाप मनोज अपघातात गेला. सविताचा नाथा झाला तेव्हा आरोहीने दोन दिवस 'बाबा' म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नाय जमत. पाव्हण्याला हाक मारल्यागत वाटतं." तेव्हापासून भर बाजारात "आये, थांब की!" अशी हाक यायची आणि एक मिशीवाला माणूस वळून बघायचा. भाजीवाल्यांच्या हातातले तराजू क्षणभर अधांतरी राहायचे.

दहावीनंतर आरोहीला नाशिकच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. पण त्यांच्या वस्तीकडे जाणारी शेवटची एसटी साडेचारला सुटायची आणि प्रॅक्टिकल सहापर्यंत चालायचं. वसतिगृह मिळालं तरच कॉलेज. तिथे एकच खाट उरली होती आणि अर्ज घ्यायची मुदत त्या दिवशी पाचला संपत होती. दुपारी तीनला ट्रंक, गादी, बादली आणि कागदांची पिशवी घेऊन दोघं गृहपाल सुमनबाईंच्या टेबलापुढे उभी राहिली.

सुमनबाईंनी अर्ज चाळला. "वडील वारलेले. मग आईची सही लागेल, माझ्यासमोर. आई कुठे आहे?"

"मीच," नाथा म्हणाला.

"मामा, चेष्टा नको. मुदत जवळ आलीय."

नाथाने राजपत्राचं पान पुढे सरकवलं. सुमनबाईंनी ते एकदा चष्मा लावून वाचलं, एकदा चष्मा काढून. मग पंख्याकडे बघत म्हणाल्या, "मी वडिलांच्या रकान्यात लिहू का तुम्हाला?"

"तिथं तिचा बाप हाय ना, मॅडम. गेलेल्या माणसाची जागा कशी घेऊ?"

"पण आईच्या रकान्यापुढे फोटो लावायचाय हो! मुलीच्या जन्मदाखल्यावर आई सविता आणि फोटोत मिशी. तपासणीवाले मलाच विचारतील."

"जुना फोटो हाय. साडीतला."

"तीन महिन्यांच्या आतला पाहिजे."

आरोही मघाशीच आधारची झेरॉक्स काढायला गेली होती. नाथाने बाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे सलून होतं, त्याच्या शेजारी फोटोचं दुकान. एक मिशी आणि एक खाट, असा तो साधा हिशोब होता. पण खुर्चीत बसल्यावर त्याने टॉवेलखालून हात काढून मिशीवरून एकदा बोट फिरवलं. ही मिशी यायला चार वर्षं लागली होती. आरोही नऊ महिन्यांच्याही आत आली होती.

"बारीक करू का?" न्हाव्याने विचारलं.

"काढ सगळी."

आरोही धापा टाकत आत आली तेव्हा उजवी बाजू झाली होती.

"आये! काय करतोस हे?"

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. त्याने आधी आरोहीकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या आईकडे.

"तुझ्या खाटंसाठी," नाथा फेसातून म्हणाला. "बाईवानी फोटो काढतो."

"अन आधारवर काय हाय? मिशी! राजपत्रात नाथा, आधारवर नाथा, आता ह्या फोटोत कोण? एवढा आधारचा कागद तुझ्यासारखा दिसतोय, तोबी खोटा पाडतोस!"

नाथाने विचार केला. मुद्दा बरोबर होता. "मग आता?"

"आता ऊठ."

"दादा, निम्मे पैसे द्या," न्हावी हळूच म्हणाला.

फोटो निघाला तो अर्ध्या मिशीचा. पावणेपाचला सुमनबाईंनी तो हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला आणि पदर तोंडाला लावला. खांदे गदगदा हलत होते. हसू आवरल्यावर त्यांनी अर्जाच्या कागदांतून आरोहीचा जन्मदाखला काढून समोर ठेवला आणि करड्या आवाजात विचारलं, "जन्मली तेव्हा वजन किती होतं?"

"पावणेदोन किलो. बारा दिवस काचेच्या पेटीत होती. मला हात लावू देत नव्हते. मी काचेवर बोट ठेवायचो, ही आतून तोंड उघडायची." नाथा थांबला. "दूध यायचं अन फुकट जायचं."

सुमनबाईंनी चष्मा पुसला.

"फोटोत मिशी नको असं नियमात कुठे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अर्धी चालेल का तेही नाही." मग शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश, गोल अक्षरात लिहिलं: 'आई समक्ष हजर. ओळख पटली. आधार व राजपत्र जोडले.' खाली शिक्का मारला. "सही करा. नाथा अशीच करा. आणि रविवारी भेटायला याल तेव्हा व्हरांड्यात बसायचं. खोल्यांकडे नाही."

"आया जातात की आत."

"भोये, मला रिटायर व्हायला सात महिने उरलेत."

"बरं, व्हरांड्यात बसतो."

त्याने ट्रंक जिन्यापर्यंत नेली. तिथून पुढे आरोहीने एका बाजूने उचलली, दुसऱ्या बाजूने कुणा अनोळखी मुलीने. वरच्या वळणावर आरोही थांबली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, नाथालाही. जिन्यात मुलींची ये-जा चालू होती.

"बादली खाटेखाली ठेव," तो म्हणाला. "बाहेर ठेवलीस तर पोरी नेतील."