ठकुबाईनं मोडलेली सावड

ठकुबाई तोंडाची फटकळ, हे चाकणच्या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती फटकळ का झाली, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. विचारणार कोण? ज्यांच्यामुळं झाली तेच!

पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यातली गोष्ट. तिचा नवरा गेनू तिथं कामाला लागला होता. सुट्टीच्या दिवशी सायकल हाणत गावी यायचा. घरचा कारभार थोरला दीर तात्याबा याच्या हाती. ठकुबाईची लेक हौसा गावच्या शाळेत सातवीला होती. वर्गात एकटी पोरगी. बाकीच्या केव्हाच चुलीपाशी बसल्या, नाहीतर नांदायला गेल्या. सातवीची फायनल पास झाली की पोरीला मास्तरीण होता येतं, असं गुरुजी म्हणाले होते. तेवढं एकच ठकुबाईनं मनात धरलं होतं.

परीक्षा तालुक्याला, खेडला, तीन दिवसांची, आणि ती नेमकी कांदाकाढणीत. गावात काढणी सावडीनं चाले. आज तुमच्या बायका आमच्या रानात, उद्या आमच्या तुमच्या रानात; मजुरी नाही, हाताला हात फेडायचा. उपटलेल्या कांद्याची पात विळ्यानं कापायची, उन्हात उकिडवं बसून. हे काम बायकांचं. गडीमाणसानं पातीला हात लावला तर म्हणे त्याची अब्रू जाते. इतकी कसली मेली नाजूक अब्रू!

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तात्याबा ओसरीवर तंबाखू मळत म्हणाला, "उद्या आबाजीच्या रानात सावड फेडायची हाय. ठकुबाई, तू आन् हौसी. दोघी येतील म्हून सांगितलंय मी."

ठकुबाई भाकरी थापता थापता थांबली. "भावजी, उद्या हौसाचा पेपर हाय."

"मग? पेपर काय पळून चाललाय व्हय? पुढल्या साली दील."

पुढल्या साली! पुढल्या साली हा बाबा तिला उजवून मोकळा होणार, हे काय ठकुबाईला कळत नव्हतं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरल्या दिरासमोर तिनं आजवर डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता की आवाज चढू दिला नव्हता. पदर आजही ढळला नाही. आवाज मात्र पार आढ्याला गेला.

"एक माणूस कमी पडतंय न्हवं? मग तुमी बसा की पात कापायला!"

"मी? बायकांत?"

"का? कांदा खाताना बरा चालतो बायकांच्या हातचा!"

तात्याबा तणतणत बाहेर निघून गेला.

सकाळी दिस उगवायच्या आत तिनं हौसाला गुरुजींच्या हवाली केलं, एसटीत बसवलं आणि तडक आबाजीच्या रानात येऊन विळा धरला. आबाजीची बायको यशोदाबाई कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभी राहिली.

"हौसा कुठाय?"

"परीक्षेला गेली."

"म्हंजे सावड मोडलीस तू. उद्या तुझ्या रानात आमच्यातली एकबी बाई यायची न्हाई, सांगून ठेवते."

"नका येऊ!" ठकुबाई म्हणाली. यशोदाबाईची धाकटी लेक शेजारीच पात कापत होती. विळ्याची मूठ तिच्या मुठीत मावत नव्हती. ठकुबाईनं तिच्याकडं बोट केलं. "हिला कितवीतनं काढली गं?"

यशोदाबाई खाली मान घालून कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी खरंच कुणी फिरकलं नाही. अख्खं रान उपटलेलं, कांदा उन्हात पोळत पडलेला, आणि ठकुबाई एकटी. गेनूची त्या दिवशी सुट्टी होती. तात्याबानं त्याला वेशीतच गाठलं आणि बायकोबद्दलच्या कागाळ्यांचा पाढा वाचला. गेनूनं सगळं ऐकून घेतलं, सायकल बांधाला लावली, बाह्या सारल्या आणि तो ठकुबाईशेजारी पात कापायला बसला. पाण्याला निघालेल्या बायका बांधावर खोळंबल्या.

"काय बाई नशीब काढलंय ठकूनं! असा नवरा मिळाया पुण्याई लागती."

झालं! ठकुबाई उसळली. "ह्यो आत्ता बसला तर लगेच पुण्याई? लगीन झाल्यापास्नं मी हितं कंबर मोडून घेतीया, तवा ह्यानं नशीब काढलं आसं म्हनलं न्हाई कुणी!"

"अगं, माझ्यावर का डाफरतीस?" गेनू म्हणाला.

"कापा गुमान!"

हौसा दुसरा पेपर देऊन परतली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. निम्मं रान बाकी होतं. तिनं आईबापाकडं पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि विळा उचलला. बांधावर तात्याबा उभाच होता. "बघ, पोरीला कळतंय. तुलाच कळंना."

ठकुबाईनं झडप घालून लेकीच्या हातातला विळा हिसकावला आणि तात्याबाच्या पायाशी भिरकावला.

"एवढा कळवळा आलाय तर उचला! उद्या तिचं गणित हाय. ते काय तुमी सोडवणार हाय का?"

तात्याबानं विळ्याकडं पाहिलं, थुंकला आणि वाटेला लागला.

हौसा तशीच उभी होती. डोळ्यांत पाणी. ठकुबाई लेकीवरच खेकसली, "आन् तू काय रडतीस? बस तिकडं. काढ पुस्तक. आन् मोठ्यानं वाच, मला हितवर ऐकू आलं पायजे!"