आमटी हाय का पाणी

आमच्या नारपोलीत हळू बोलायची पद्धत नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात ते कुणाला ऐकूच जात नाही. शेजारचे काका जन्मभर लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. कान मागांनी नेले, आवाज मात्र ड्युटीवरचाच राहिला. आपण कुजबुजतो आहोत, असं त्यांना अगदी मनापासून वाटतं.

त्यांच्या भाच्याच्या लग्नात ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आमटी हाय का हात धुवायचं पाणी?" सगळा हॉल वळला. वाढायला त्यांची बहीणच उभी होती.

तेव्हापासून तिनं बोलणं सोडलं. बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर असते, त्या खिरीलाही ती आली नाही. काका खचले. एकुलती एक बहीण.

त्याच दिवशी विहारात पाहुण्यांचं व्याख्यान होतं, सम्यक वाचेवर. आधी शाली, मग नारळ, मग मितभाषणाचं महत्त्व, दोन कर्ण्यांवरून तासभर. मला डुलकी लागली. काका मात्र कर्ण्याखाली बसल्यामुळे सगळं ऐकू शकले. परतताना म्हणाले, "मी खोटं न्हाय बोललो रे. पण खरं बोलताना समोरच्याला लागू नये, तेवढं ऱ्हायलं. अर्धंच शील पाळलं."

शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी ते मला घेऊन कशेळीला बहिणीच्या चाळीत गेले. आवाज चढला की मी त्यांचा गुडघा दाबायचा, असं ठरलं होतं.

"चुकलं माझं," काका कुजबुजले. शेजारची दारं उघडली. मी गुडघा दाबला.

"आता आणखी किती हळू बोलू?" त्यांनी मला विचारलं. दारातल्या बायका हसल्या.

बहीण हसली नाही. "तुम्ही दाबू नका हो," ती मला म्हणाली. "हॉलभर बोलला ना? मग चाळभर माफी मागू दे. दादा, परत बोल."

काका परत बोलले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. मग तिनं ताटं घेतली.

जेवताना तिनं मुद्दाम विचारलं, "आमटी कशी झालीय रे दादा?"

काकांचा घास थांबला. खोटं बोलायचं नाही, लागेल असंही बोलायचं नाही. माझा हात आपोआप त्यांच्या गुडघ्याकडे गेला. त्यांनी वाटी पुढे केली.

"वाढ अजून."

तिनं काठोकाठ भरली. पातळच होती, थोडी सांडली.