शेषरावांच्या पिकअपचा गिअरबॉक्स

लेखी मराठीत ‘भंगार’ आणि ‘कबाड’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. परभणीत जिंतूर रस्त्यावर रशीद मिस्त्रींचे गॅरेज आहे. तिथे मात्र ते कटाक्षाने वेगळे ठेवतात. जे वितळवण्याखेरीज कशाच्याच उपयोगाचे नाही, ते भंगार. ज्या मोडक्या गाडीतला एखादा भाग काढून दुसऱ्या गाडीला बसवता येतो, ते कबाड. शाळेत मराठी शिकवलेला मी, शब्दांच्या बाबतीत हट्टी माणूस. निवृत्तीनंतर माझ्या संध्याकाळी ज्या बाकावर जातात तिथे हा भेद पाळला जातो, याचे मला समाधान वाटे. पुढे तो भेद एका घराच्या दाराशी येऊन थांबला.

अशा बाकावर किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. गाडी खोललेली असते, मालकाला जाता येत नाही, आणि वाट पाहणारा माणूस बोलू लागतो. शेषरावांच्या पिकअपने आम्हांला पुष्कळ दिवस बोलते ठेवले.

शेषराव मेंढ्या-बकऱ्या बाजारोबाजार पोचवतात. त्यांनी आणि धाकट्या भावाने, बाळूने, एकाच मॉडेलच्या दोन जुन्या पिकअप घेतल्या होत्या. बाळू त्याच्या गाडीला झालेल्या अपघातात गेला. आई गयाबाईंनी तेव्हाच बजावले की त्या गाडीचा खिळासुद्धा आपल्या दारात यायला नको. म्हणून ती चेपलेली गाडी कबाड्याला दिली. पुढे शेषरावांच्या गाडीचा गिअरबॉक्स आतून फुटला. ते मॉडेल कधीच बंद झालेले. जुना गिअरबॉक्स मिळाला तर धंदा राहणार, नाही तर गाडी उभीच.

*

कबाड्याने पहिला गिअरबॉक्स पाठवला तो पाच गिअरचा. शेषरावांचा चारचा. “एक जास्तीच हाय की, घ्या,” असा त्याचा निरोप होता. मिस्त्रींनी दोन्ही शेजारी ठेवले. नवा हातभर नाही, पण चांगला वीतभर लांब. तो बसवला तर मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापावा लागला असता.

“लग्नात पोरीची उंची बघतेत, तसं हे बी बघावं लागतं,” मिस्त्री म्हणाले, आणि आलेला माल आल्या टेम्पोने परत गेला.

*

दुसरा दिसायला हुबेहूब. लांबी तीच, बोल्टांची भोके जुळली, शेषरावांच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला. पण मिस्त्रींची एक रीत आहे. गिअरबॉक्सवर कारखान्याने ओतलेला नंबर ते वाचतात, पण त्यावर विसंबत नाहीत. गाडीची जुनी क्लचप्लेट ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून बघतात. ती सरकली, तरच माल आपला. ती सरकली नाही; शाफ्टचे दाते बारीक निघाले.

कानस मारून बसवता येईल का, असे शेषरावांनी विचारले. मिस्त्रींनी कानस त्यांच्या हातात दिली.

“आधी सोताच्या दातावर मारून बघा, शेषराव.”

शेषराव हसले. त्या सगळ्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिले ते तेवढेच.

*

कबाड्यांमध्ये एक अलिखित नियम आहे: माल कोणत्या गाडीचा, हे सांगायचे नाही, घेणाऱ्यानेही विचारायचे नाही. ज्या गाडीत माणूस गेला, तिच्यावरचे नाव कबाडी स्वतः खरवडून टाकतो. तिसऱ्या गिअरबॉक्ससाठी मिस्त्री जुनी क्लचप्लेट घेऊन स्वतः त्याच्याकडे गेले. प्लेट अलगद सरकली. मग त्यांनी मान वर करून, तो ज्या गाडीचा होता ती पाहिली. नाव खरवडलेले होते. पण तिच्या मागच्या, उघडणाऱ्या फाळक्याला त्यांनीच कधीकाळी बाळूसाठी मारलेले वेल्डिंग त्यांना ओळखू आले.

नियमाप्रमाणे ते गप्प बसू शकले असते. परत आल्यावर त्यांनी शेषरावांना बाजूला घेऊन सगळे सांगितले.

शेषरावांनी पान्यांचे खोके ओढून मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवले.

“बसवा,” ते म्हणाले. “पण मायला कळायला नगं.”

*

मिस्त्री गिअरबॉक्सला कधीच रंग देत नाहीत. रंगाखाली तेलाची गळती दिसत नाही, यावरून त्यांनी कित्येकांना सुनावलेले आहे. शेषरावांनी काळ्या रंगाचा डबा आणला, तेव्हा मी त्या व्याख्यानाची वाट पाहत होतो. मिस्त्रींनी मुकाट्याने ब्रश शोधून दिला.

बसवताना जॅक तिरपा झाला. तेव्हा शेषराव गाडीखाली उताणे सरकले आणि गिअरबॉक्स त्यांनी छातीवर पेलून धरला. मिस्त्रींना शाफ्ट काही केल्या जुळेना. दमला असाल, खाली ठेवा, घटकाभराने बघू, असे ते म्हणाले.

गाडीखालून आवाज आला, “राहू द्या थोडं.”



*

मिस्त्रींनी रिकामी गाडी सपाट रस्त्यावर पळवून पाहिली. गाडी उत्तम चालली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मागे बकऱ्या भरल्या. मला पिंगळीला जायचे होते, म्हणून मीही निघालो. गयाबाईंना लेकीकडे सोडायचे होते. त्या नेहमी बाळूच्या गाडीतून, त्याच्या शेजारी बसूनच जात. शेषरावांच्या गाडीत त्या दिवशी पहिल्यांदा चढल्या. गुरुजींना खिडकी द्या म्हणत त्या स्वतः मधे, शेषरावांच्या शेजारी बसल्या.

पिंगळीच्या अलीकडे चढ लागला. शेषरावांनी तिसरा गिअर टाकला, आणि लगोलग गयाबाईंनी जुन्या सवयीने गिअरच्या दांड्यावर पंजा टेकवून तो पुढे रेटून धरला.

“माय, हात काढ. गाडी चालवायलोय.”

त्यांनी हात काढला. दांडा खाडकन मागे आला, तिसरा सुटला, इंजिन नुसतेच ओरडू लागले. शेषरावांनी कसाबसा ब्रेक दाबला. गाडी पुन्हा उचलून त्यांनी तिसरा टाकला. या वेळी त्यांनी आईकडे पाहिले नाही. गयाबाईंनी पुन्हा पंजा टेकवला, आणि चढ संपेपर्यंत सुरकुतलेल्या त्या हाताच्या शिरा ताणलेल्या मला दिसत राहिल्या.

हा किस्सा आता गॅरेजात येणारा प्रत्येक जण सांगतो. म्हातारीने बाळूच्या नावाने हंबरडा फोडला आणि शेषरावांनी तिच्या पायावर डोके ठेवले, असा त्याचा शेवट करतात. तो चुकीचा आहे. त्या ब्रेकनंतर गाडी कुठेही थांबली नाही. गयाबाई समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. चढ संपला, तेव्हा त्यांनी हात उचलला आणि म्हणाल्या, “आता चौथा टाक.”