पेल्यावरचा पाव

लेनिनग्राडच्या आमच्या प्रकाशनात अंतराळकथा कापामावशी टंकायच्या आणि मुद्रितं मी तपासायचे. एक अलिखित नियम होता: आपला अंतराळवीर मरत नाही. लेखकाने कुणाला मारलंच, तर संपादक शेवटचं पान परत पाठवत. मावशी नवे कागद यंत्रात चढवत, मध्ये कार्बन घालून पाच प्रती काढत आणि म्हणत, "आणखी एक वाचवला." आम्ही त्यांना डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायचो.

त्यांचा एकुलता एक मुलगा ग्लेब लांब कझाक माळावर कसल्याशा तळावर तंत्रज्ञ होता. एका हिवाळ्यात मावशी आठ दिवस आल्या नाहीत. आल्यावर सर्दीचं कारण सांगितलं. आम्हीही खोदून विचारलं नाही.

मार्चमध्ये एक कथा आली. तळावर आग लागते, आत अडकलेला पोरगा जळून जातो. संपादकांनी सवयीने शेरा मारला: पोरगा वाचावा, घरी यावा. लेखकाने बदलून दिलेलं पान मावशींनी टंकलं. आई दार उघडते, मुलगा आत येतो. टेबलावर भरलेला पेला, वर काळ्या पावाचा काप.

हे शेवटचं वाक्य लेखकाचं नव्हतं. माझी नजर तेव्हा तेज होती आणि जीभ त्याहून. भर खोलीत मी पान नाचवलं.

"मावशी, पेल्यावर पाव मेलेल्यासाठी ठेवतात. हा तर जिताजागता आलाय. झोपेत टंकलंत की काय?"

सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

"आईला तो मेला असं सांगितलेलं असणार," त्या हळूच म्हणाल्या. "आता आलाय, तर काढेल की ती."

मी ऐकलं नाही. तांबड्या पेन्सिलीने वाक्य खोडलं. मावशींनी पाचही प्रती पुन्हा काढल्या.

बारा वर्षांनी त्यांना पुरून आम्ही त्यांच्या खोलीवर जेवायला जमलो, तेव्हा त्यांच्या बहिणीने सांगितलं. ग्लेब तळावरच्या आगीत गेला होता. कुठे बोलणार नाही, असं मावशींकडून लिहून घेतलं होतं. शवपेटी उघडू दिली नव्हती, म्हणून त्यांची आशा सुटत नव्हती.

खिडकीत मावशींनीच ठेवलेला ग्लेबचा पेला होता. वरचा पाव अजून पुरता वाळलाही नव्हता. खाली ते पान होतं.

"एवढं जपलेलं पान," बहीण म्हणाली, "त्यावर ही तांबडी रेघ कुणी मारली असेल हो?"

मी पेला हळूच त्या रेघेवर सरकवला.