ताऱ्याची उष्णता कोण नेतं?

दुसरं महायुद्ध चालू होतं, रॉकेल रेशनवर होतं आणि माझं लग्न नुकतंच झालं होतं. नगरच्या एका मिशन शाळेत हे विज्ञान शिकवायचे आणि मी लहान मुलींना बाराखडी. घरात आमचं बोलणं म्हणजे ‘चहा ठेवू का’ आणि ‘छत्री कुठंय’ एवढंच.

एका शनिवारी दुपारी शाळेत पालकांसाठी यांचं व्याख्यान होतं. विषय, ताऱ्याचा शेवट. मी सासूबाईंबरोबर बायकांत बसले होते.

“मोठा तारा म्हातारा झाला, की त्याचा गाभा भयंकर तापतो,” हे सांगत होते. “एरवी आतली उष्णता बाहेर यायला फार वेळ लागतो. सणाच्या दिवशी कापड बाजारातून वाट काढावी, तशी धक्के खात येते. पण या गाभ्यात न्यूट्रिनो नावाचे कण तयार होत असावेत, असा आता नवा विचार निघालाय. त्यांना गर्दी अडवत नाही. उष्णता घेऊन ते सरळ निघून जातात. गाभ्याचा जोर सरतो आणि तारा आत कोसळतो.”

मला राहवलं नाही. उभी राहून म्हणाले, “ते कण कुणी पाहिलेत?”

हॉलमध्ये हशा पिकला. हे हसले नाहीत.

“नाही. अजून कुणीच नाही.”

“मग आहेत कशावरून?”

यांनी हातातला खडू खाली ठेवला. “मला नीट सांगता येणार नाही,” म्हणाले.

घरी येईपर्यंत सासूबाईंनी दम धरला. त्या जामखेडकडच्या. उंबऱ्यातच म्हणाल्या, “चार लोकांत नवऱ्याला आसं इचारायचं व्हय?”

मी खाली मान घातली. तेवढ्यात, आमच्या पुढे आत गेलेल्या यांचा आवाज आला, “उद्या भिंगारला जाऊ. तूही चल.”

भिंगारला यांचा मित्र राहायचा. लष्करातल्या लोकांना गणित शिकवायचा. रविवारची उपासना आटोपून आम्ही चालत गेलो. माझा प्रश्न ऐकून त्याने विचारलं, “वहिनी, झाकलेल्या पातेल्यातलं दूध रोज थोडं कमी होतंय. मांजर कधीच दिसत नाही. तुम्ही काय म्हणाल?”

“मांजर येतं म्हणेन.”

“काही अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तेव्हा ऊर्जा अशीच कमी भरते. एका मोठ्या शास्त्रज्ञाला तर वाटलं होतं, दूध आपोआपच नाहीसं होत असेल. बाकीचे म्हणाले, नाही, न दिसणारं मांजर आहे. तेच हे न्यूट्रिनो.”

“म्हणजे अंदाजच की!”

“अंदाजच. पण टाकून देण्यासारखा नाही.”

परतताना दिवेलागण झाली होती. मी यांना विचारलं, “आतून असा रिता होणारा तारा बाहेरून ओळखू येतो?”

“बहुधा नाही. शेवटपर्यंत तसाच चमकत असेल.”

समोर आभाळात तारे उमटत होते. त्यांतला कुठला म्हातारा, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण त्या वाटेवर हे इतकं बोलले, की घर कधी आलं कळलं नाही. या कणांवरचा इंग्रजी मासिकातला लेख मला वाचून दाखवायचं यांनी आपणहून कबूल केलं. पुढे मी तसे लेख अडखळत का होईना, स्वतः वाचायला लागले.

दारात सासूबाई उभ्याच होत्या.

“घावलं का उत्तर?”

“अर्धं,” हे म्हणाले. “ते कण सगळ्यांतून पार जातात. भिंतीतून, जमिनीतून, आपल्यातूनसुद्धा.”

सासूबाईंनी पदर सावरला. जरा विचार करून म्हणाल्या, “आपल्यातनं? मग अंगाला काय इजा न्हाई ना?”

यांनी माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न आम्हा दोघांनाही सुचला नव्हता.

“म्हाईत न्हाई ना? मग फुडच्या रविवारी मीबी येते भिंगारला,” त्या म्हणाल्या आणि आत भाकरी थापायला गेल्या.