श्वासाच्या यंत्राची पूजा

ज्या वयात माझे वडील दुपारच्या झोपेतून उठले नाहीत, त्या वयात मी पोहोचलो आणि त्याच वर्षी माझ्या घशाचा दोष उघडकीस आला. महापालिकेच्या कचेरीबाहेर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहीत असे. शिक्षण नववीपर्यंतचे असले तरी माझ्या अर्जातील एक शब्दही कोणा कारकुनाने आजवर खोडला नव्हता, हे येथे नम्रपणे नमूद करतो. परंतु त्या वर्षी 'सदर अर्जदार' एवढे लिहून होताच माझी मान खाली जाई आणि पेनाची रेघ कागदाच्या कडेपर्यंत ओढली जाई. एकदा समोरच्या बाईने खांदा हलवून विचारले, "काका, दुसऱ्याकडे जाऊ का? तुमची झोप तरी होईल."

तपासणीअंती निष्पन्न झाले की झोपेत माझा घसा मिटतो आणि श्वास बंद पडतो. डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितले. मला मात्र वडिलांची चटई आठवली. त्यानंतर पाठ टेकण्याचीच भीती वाटू लागली.

उपाय म्हणून सीपॅप नावाचे यंत्र घरी आले. नाकावर मास्क बांधायचा, नळीतून हवेचा झोत यायचा आणि त्या दाबाने घसा उघडा राहायचा. यंत्र बसवणारा गृहस्थ गोडदेवच्या आमच्या घरी आला, तेव्हा त्याने आधी झोपण्याची खोली पाहिली. खिडकीसमोर स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे गाळे असल्याने चौकटीवर कायम काळी बारीक धूळ असे. कोपऱ्यात देव्हारा होता.

"अंकल, ये मशीन कमरे की हवा खींचता है. जो कमरे में, वही आपके फेफड़े में. खिड़की बंद. अगरबत्ती, धूप, मच्छर का कॉईल, सब बंद. और पीछे का ये जाली कभी ढकना नहीं."

त्याच्या सूचनांची मी पाच कलमे केली, स्वच्छ अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवली आणि खाली सही केली.

"मंजुरी कोणाची घ्यायची, देवाची?" पत्नीने विचारले. तरीही तिने अगरबत्ती स्वयंपाकघरात नेली, कॉईलऐवजी मच्छरदाणी लावली, झाडूऐवजी ओल्या फडक्याने खोली पुसू लागली. जाळीमागचा स्पंज दर रविवारी तीच धुई. त्यातून निघणारे काळे पाणी पाहून मी अस्वस्थ होई. एवढी वर्षे हेच छातीत जात होते.

मग खंडेनवमी आली. आमचे घराणे रत्नागिरीकडचे. या दिवशी वडील करवत आणि रंधा पाटावर मांडून पूजा करीत. मी पेन, पट्टी आणि शाईचा पॅड मांडतो. त्या वर्षी पाटावर यंत्रही ठेवले.

"हे काय हत्यार आहे का?" पत्नी म्हणाली.

"ज्याच्यावर माणूस जगतो, ते हत्यारच."

हळदकुंकू मी स्वतः वाहिले. झेंडूचा हार यंत्राला दुहेरी वेढला. यंत्र बंद आहे, तेव्हा धूप चालेल, असा निर्णयही मीच दिला. खिडकी मात्र कलमाप्रमाणे बंद होती.

दुपारचे जेवण जड झाले आणि डोळे मिटू लागले. मी यंत्र उचलून पलंगाशेजारी ठेवले, तेव्हा पत्नीने अडवले.

"अहो, पूजा केलेलं हत्यार उद्यापर्यंत वापरत नाहीत. तुम्हीच सांगता दरवर्षी."

"मग उद्यापर्यंत झोपू नको का?"

"खुर्चीत बसून राहा. पेपर वाचा."

मी मध्यममार्ग काढला. यंत्र वापरायचे, पण हार उतरवायचा नाही, म्हणजे पूजा मोडणार नाही. पत्नी भांडी घासायला गेली. मी मास्क बांधला आणि झोपलो.

जाग आली ती धुपाच्या वासाने. वास नाकात नव्हता, छातीत होता. नळीतून झोत येण्याऐवजी कोमट, कडवट असे काहीतरी झिरपत होते. मी श्वास ओढला, तो अर्ध्यावर अडला. हाक मारावी म्हणून तोंड उघडले, पण आवाज फुटेना. मास्कचा पट्टा डोक्यामागे सोडवायचा असतो, हे हातांना आठवेना. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. तिला काही कळण्यापूर्वी माझे संपणार, आणि तेही दुपारीच, एवढे मला स्वच्छ कळले. शेवटी मी नळीच ओढली. यंत्र हारासकट फरशीवर आपटले, तेव्हा ती धावत आली.

दुसऱ्या दिवशी यंत्र बसवणारा आला. जाळीवर झेंडू घट्ट बसला होता. स्पंज हळदीने पिवळा आणि राखेने काळा झाला होता. तो बराच वेळ हसला.

"अंकल, हार गले में पहनाते हैं, नाक में नहीं."

स्पंज बदलून, यंत्र तपासून तो गेला. यंत्र ठीक होते, मी नव्हतो. तीन दिवस मी मास्क हातात घेतला नाही. खुर्चीत बसून डुलक्या घेत राहिलो. मास्क बांधला तर गुदमरेन आणि न बांधता झोपलो तर वडिलांसारखा जाईन. या दोहोंतून सुटण्याचा मार्ग मला लिहिता येईना.

चौथ्या दुपारी पत्नीने देव्हारा भिंतीवरून काढला आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर नेऊन ठेवला. मग माझ्या खुर्चीशी आली.

"उठा. आडवे व्हा."

"भीती वाटते गं."

"मला किती वर्षं वाटते, विचारलंत कधी?" ती म्हणाली. "तुमचा श्वास थांबायचा. मी वीसपर्यंत मोजायचे आणि मग हलवायचे. रोज."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय, अर्ज केला असतात?"

माझ्या शेजारी एवढी वर्षे ती माझे श्वास मोजत जागी होती आणि मी घोरत होतो. वडिलांच्या मृत्यूपेक्षाही मला या गोष्टीची अधिक धडकी भरली.

मी आडवा झालो. तिने जाळीमागे तळवा धरून हवा आत ओढली जाते आहे का ते पाहिले, मास्क माझ्या नाकावर बसवला आणि पट्टा कुठे सुटतो ते माझी बोटे धरून दोनदा दाखवले. झोत सुरू झाला. मी तिचे मनगट धरले, ते सोडले नाही.

"मोजू नकोस आता," मास्कमधून मी म्हणालो.

"झोपा हो," ती म्हणाली. तिचे ओठ मात्र हलत होते.